धारेवर धरणारी बोट

नोव्हेंबरमध्ये बोट घेतली, त्याला सात महिने झाले. पावसाळ्यासाठी बोट परवाच बेलापूरहून ट्रेलरवर चढवून घरी आणली, म्हणून आता निवांत लिहितोय.

घोडं दोन बोटींत अडलं होतं. एक १७ फुटी उघडी, मागे बाहेर टांगलेलं ९० एचपीचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड. दुसरी २१ फुटी, इंजिन पोटात, छोटी केबिन आणि संडास. बायकोला मोठी हवी होती. मी पेट्रोलचा हिशेब मांडला. छोटीच आरामात चालवली तरी तासाला १५ लिटर पिते. 'दोन तासांच्या फेरीला संडास कशाला?' हे वाक्य माझंच. छोटी घेतली.

बोट छान पळते. पण बोलायचंय ते इंजिनातून मागे पडणाऱ्या पाण्याच्या धारेबद्दल. ती पडतेय, म्हणजे पंप बाहेरचं पाणी ओढतोय आणि इंजिन थंड राहतंय. जानेवारीत घारापुरीहून परतताना पोरांच्या भज्यांपायी उशीर झाला. ओहोटी लागली आणि पनवेल खाडीत पाण्याऐवजी चिखलाचा काला. करंगळीएवढी धार सुतळीएवढी झाली, मग थेंब थेंब, मग इंजिन तापल्याचा भोंगा. इंजिन बंद केलं. एका कोळीकाकांनी दोर टाकून ओढत आणलं. पैसे घेतले नाहीत, पण 'भरती बघून निघता की पोरांची भूक बघून?' हे ऐकवलंच.

सर्व्हिसवाल्याने अख्ख्या पंपाचं कोटेशन दिलं. मी अडून बसलो, समोर उघडायला लावलं. आतला इम्पेलर म्हणजे तळहातावर मावणारं रबरी चक्र. दोन पाकळ्या तुटलेल्या, बाकीच्या वाकलेल्या. तेवढंच बदललं, तुटके तुकडेही शोधायला लावले. ते आत अडकले तर पुन्हा तेच.

तेव्हा वाटलं, मोठीच घ्यायला हवी होती. एप्रिलमध्ये जेट्टीवर तसलीच एक दिसली. तिचा पाय, म्हणजे खालचा पंख्याचा भाग, बराचसा पाण्यातच राहतो, मालक त्यावरचे शिंपले खरवडत बसला होता. आमचं आउटबोर्ड बटण दाबलं की वर. आणि खाडीतला चिखल काय, तीही पिणारच.

संडासाचं वाक्य मात्र मागे घेतो. बोटीवर यायचं म्हटलं की आई सकाळपासून पाणीच पीत नाही. हे मला मे महिन्यात कळलं, तेही बायकोकडून. आता आई सोबत असली की फेरी तासाभराचीच.

परवा सोसायटीच्या नळाला हेडफोनसारखे रबरी कप जोडून गोड्या पाण्याने इंजिन धुतलं. १५ मिनिटं नळ चालू. सेक्रेटरी गॅलरीतून माझ्याकडे बघत होते, मी धारेकडे.