उतरलेल्या हिरड्या आणि हाताचा जोर: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

वरच्या डाव्या सुळ्याच्या मुळाशी नख फिरवले की ते एका आडव्या खाचेत अडकते. ही खाच किडीने पाडलेली नाही. गेली पंचवीस वर्षे रोज दोन वेळा दात ‘स्वच्छ’ घासून ती मीच पाडली आहे, हे मला वयाच्या ५१ व्या वर्षी समजले. त्यानंतरचे नऊ महिने मी तीन वस्तू नियमाने वापरत आहे: दाब वाढला की लाल दिवा लावणारा विजेवरचा ब्रश, दोन दातांमधल्या फटीतून फिरवायचे तारेचे बारीक ब्रश आणि पाच टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट. ब्रँडची नावे मुद्दाम लिहीत नाही. अशा वस्तू अनेक कंपन्या विकतात आणि मला जे सांगायचे आहे ते कोणत्याही एका कंपनीच्या मालाबद्दल नाही.

सुरुवात भाचीच्या साखरपुड्याच्या फोटोंपासून झाली. हसताना माझे डावीकडचे दात उजवीकडच्यापेक्षा लांब दिसत होते. त्या आधी वर्षभर माठातले पाणी चालायचे, पण फ्रीजमधले पाणी डाव्या बाजूला लागले की डोळ्यांपर्यंत कळ जायची, आणि मी ‘वयोमानानुसार’ म्हणून ती सोडून देत होतो. दंतवैद्यांनी मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट टोकाची सळई प्रत्येक दाताभोवती फिरवून एक तक्ता भरला. त्यातले दोन आकडे वेगवेगळे समजून घ्यावे लागतात. दाताचे पांढरे कवच जिथे संपते तिथून हिरडीच्या कडेपर्यंतचे अंतर म्हणजे हिरडी किती उतरली ते, आणि हिरडीच्या कडेपासून आत सळई जिथे टेकते तिथपर्यंतची खोली म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधली खाच किती खोल झाली ते. ही खोली एक ते तीन मिलिमीटर असणे निरोगीपणाचे लक्षण मानतात. माझ्या डाव्या सुळ्यावर हिरडी ३ मिलिमीटर उतरलेली होती, त्यामागच्या उपदाढेवर २ मिलिमीटर. पण दोन्हीकडची खोली जेमतेम २ मिलिमीटर होती आणि रक्ताचा थेंबही आला नाही. उलट खालच्या उजव्या दाढांपाशी हिरडी बाहेरून भरलेली दिसत होती, सळई मात्र ५ मिलिमीटर आत गेली आणि लगेच रक्त आले.

म्हणजे एकाच तोंडात दोन वेगळे विकार होते. डावीकडे हिरडी मी घासून घालवली होती. मी उजव्या हाताने घासतो, आणि उजव्या हाताच्या माणसाचा सगळा जोर डाव्या सुळ्यावर व उपदाढांवर पडतो, तिथे हाड आणि हिरडी मुळातच पातळ असतात. उजवीकडे खालच्या दाढांमध्ये कीटण साचून हिरडी सुजली होती आणि आतले हाड हळूहळू विरघळायला लागले होते. पहिल्या विकाराला हात हलका करणे हा उपाय, तर दुसऱ्याला अधिक नीट सफाई. जो माणूस या दोघांना एकच समजतो, तो रक्त दिसले की घाबरून घासणे सोडतो किंवा दात पिवळा दिसला की अधिक जोराने घासतो, आणि दोन्हीकडे नुकसान करून घेतो. मी यातले दुसरे केले होते. मध्यंतरी एका दुकानदाराच्या आग्रहाने आणलेली कोळशाची खरखरीत पावडरसुद्धा मी चार-पाच महिने वापरली होती, तीही कडक ब्रशाने.

येथे थोडे घरचे. माझी आजी राखुंडी लावायची आणि आई मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, चुरून केलेली ती मिश्री बोटाने हिरड्यांवर चोळण्यात सकाळची दहा मिनिटे जायची. दंतमंजनात तंबाखू घालण्यास भारतात १९९२ मध्ये बंदी आली, पण घरच्या तव्यावर भाजली जाणारी मिश्री त्याने थांबली नाही. आईच्या हिरड्यांतून कधी रक्त येत नसे, म्हणून तिचे दात मजबूत आहेत असा आम्हा सर्वांचा समज होता. साठीच्या आत तिचे पुढचे दात हलून पडले. तंबाखूमुळे हिरड्यांतून रक्त कमी येते आणि आजार झाकला जातो, हे डॉक्टरांनी मला माझ्या तपासणीच्या वेळी सांगितले. मी तंबाखूला कधी शिवलो नाही, मात्र ‘दात चोळल्याशिवाय साफ होत नाहीत’ ही समजूत मी त्याच घरातून उचलली. भाषेतही आपण दात ‘घासतो’, जसे पातेले घासतो. त्या क्रियापदाचा माझ्या हातावर परिणाम झाला असावा, अशी मला दाट शंका आहे.

डॉक्टर म्हणाले की ब्रशाचा दाब साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम पुरे. हे ऐकून काहीच उमजले नाही, म्हणून घरी येऊन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर जुना ब्रश दात घासतो तसा टेकवून पाहिला. काट्याने ४३० ग्रॅम दाखवले. पत्नीला वाटले मी मुद्दाम दाबतो आहे, म्हणून तिनेही करून पाहिले. तिचा आकडा १९० आला. मग मी दीडशेवर काटा स्थिर ठेवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ब्रशाचे केस जेमतेम वाकत होते आणि एवढ्याने दात स्वच्छ होतील यावर माझा विश्वास बसेना. हा अविश्वासच माझा खरा आजार होता, असे आता वाटते.

विजेवरचा ब्रश या कारणासाठी घेतला. किंमत सुमारे २,८०० रुपये पडली. त्याचे डोके छोटे, गोल आणि मऊ केसांचे आहे. दोन मिनिटांचा टायमर आहे आणि दर तीस सेकंदांनी तो अडखळून पुढच्या भागाकडे जाण्याची आठवण करून देतो. पहिल्या आठवड्यात लाल दिवा जवळजवळ सतत लागत होता आणि हात पुढे-मागे चालवण्याची सवय जाईना. या ब्रशात हात चालवायचाच नसतो. डोके एका दातावर, हिरडीच्या कडेशी पंचेचाळीस अंशांत तिरपे टेकवायचे, दोन-तीन सेकंद थांबायचे आणि पुढच्या दाताकडे सरकायचे. ओठांना गुदगुल्या होतात, पेस्टचा फेस कोपरापर्यंत ओघळतो, हे सुरुवातीला सोसावे लागते. महिन्याभरात मूठ सोडून बोटांच्या टोकांनी, पेन धरावे तसा ब्रश धरायला लागलो आणि दिवा लागण्याचे प्रमाण एकदम खाली आले. मला लाभ झाला तो या पकडीचा. साध्या मऊ ब्रशानेही ती जमते, आणि ज्याचा हात मुळात हलका आहे त्याने एवढे पैसे घालण्याची गरज नाही, असे माझे मत आहे.

या ब्रशाविषयी तक्रारीही आहेत. लाल दिवा दांड्याच्या वरच्या टोकाला आहे आणि डाव्या दाढा साफ करताना तो नेमका गालाआड जातो. जिथे माझा जोर सर्वांत जास्त, तिथेच इशारा दिसत नाही. आरशासमोर मान वाकडी करून उभे राहावे लागते. डोके काढून पाहिले तर दांड्याच्या खाचेत पेस्टचा काळपट चिकट थर साचतो आणि तो दर आठवड्याला धुवावा लागतो. सहाव्या महिन्यात चार्जर बंद पडला. हमीच्या मुदतीत बदलून मिळाला खरा, पण त्यासाठी तीन आठवडे आणि अकरा फोन लागले. डोके दर तीन महिन्यांनी बदलायचे असते. दोन डोक्यांना साधारण ५०० रुपये पडतात आणि आमच्या गावातल्या औषधाच्या दुकानांत ती मिळत नाहीत.

फटींमधल्या बारीक ब्रशांवर मात्र मी मनापासून खूश आहे, जरी सुरुवात फसली होती. पाकिटावरचा आकडा न पाहता मी पिवळ्या रंगाचे ब्रश आणले. त्यांची तार ०.७ मिलिमीटरची होती. समोरच्या दातांच्या फटीत एक जोराने ढकलला, तार मोडून हिरडीत रुतली आणि दोन दिवस बोलताना जीभ तिथेच जात होती. नंतर डॉक्टरांनी प्रत्येक फटीत माप घालून पाहिले आणि समोरच्या दातांना ०.४, तर मागच्या दाढांना ०.७ असे ठरवून दिले. ब्रश किंचित घट्ट बसावा, पण ढकलावा लागू नये, ही त्याची खूण. रंगांवर विसंबू नये. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असू शकतात, तारेचा आकडा पाहावा. रात्री झोपण्यापूर्वी पेस्ट न लावता, नुसता ओला करून, प्रत्येक फटीत दोन-तीन वेळा आत-बाहेर करायचा. पहिले आठ-दहा दिवस रक्त येते आणि वासही येतो. तो वास घेतल्यावर पुढे टाळाटाळ करण्याची इच्छा राहत नाही. तिसऱ्या आठवड्यात मागच्या दोन फटी सोडून रक्त थांबले. ज्यांच्या दातांमध्ये फटी नाहीत त्यांना हे ब्रश जाणार नाहीत. त्यांच्यासाठी दातांच्या फटी साफ करायचा दोराच (फ्लॉस) योग्य.

पेस्टकडून माझी अपेक्षा जास्त होती आणि ती अर्धीच पूर्ण झाली. हिरडी खाली गेली की उघड्या पडलेल्या मुळावर पांढरे कवच नसते; तिथला पातळ थर झिजला की आतल्या सूक्ष्म नलिका उघड्या पडतात आणि थंड लागले की त्यांतला द्रव हलून कळ येते. पोटॅशियम त्या नलिकांतून आत जाऊन नस शांत करते, त्यामुळे आज लावले आणि उद्या थांबले असे होत नाही. मला साधारण वीस दिवसांनी फरक जाणवला. फ्रीजचे पाणी आता पिता येते, आइस्क्रीम मात्र अजूनही उजवीकडूनच खातो. दिवाळीत गावी गेलो असताना घरातली साधी पेस्ट वापरली आणि तीन आठवड्यांत कळ परतली. यावरून ही पेस्ट दुखणे झाकते, हिरडी वर आणत नाही, हे मला स्वतःच्या तोंडात पटले. दुसरे असे की मुळाचा भाग आंबटाने कवचापेक्षा लवकर मऊ पडतो, म्हणून कोकम सरबत किंवा लिंबूपाणी प्यायल्यावर लगेच ब्रश हातात घेत नाही. चूळ भरतो आणि अर्धा तास थांबतो.

खालच्या उजव्या दाढांची खोलवर सफाई भूल देऊन दोन बैठकांत झाली. क्लिनिंग केल्याने दात ढिले होतात हा समज किती खोल रुजलेला आहे, हे मला त्यानंतर कळले, कारण सूज ओसरताच त्या दाढांमध्ये फटी दिसू लागल्या आणि मेथीची भाजी अडकू लागली. घरच्यांनी लगेच डॉक्टरांना दोष दिला. वस्तुतः हाड आधीच गेलेले होते. सुजलेली हिरडी आणि कीटण यांनी ती जागा भरून ठेवली होती, एवढेच. त्या काळात दहा दिवस क्लोरहेक्सिडिनचे माउथवॉश दिले होते. त्याने चहा बेचव लागला आणि दातांवर तपकिरी छटा आली, पण ती पुढच्या पॉलिशमध्ये गेली. ते मनाने महिनोन्महिने वापरू नये. साखरेची तपासणीही करून घेतली, कारण मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना वाढवतात. माझी मर्यादेत निघाली.

शस्त्रक्रियेचा पर्यायही समजून घेतला. टाळूतून ऊतीचा छोटा तुकडा काढून तो उघड्या मुळावर शिवतात आणि बाजूची हिरडी त्यावर ओढून घेतात. दोन दातांमधले हाड आणि हिरडीचे टोक शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकले जाण्याची शक्यता चांगली असते. ते गेले असेल तर पूर्ण झाकणे शक्य होत नाही. माझा सुळा पहिल्या गटात आहे, दाढा दुसऱ्या. तरीही मी थांबलो. ज्या हाताने हिरडी घालवली तो हात सुधारण्याआधी नवी हिरडी शिवून घेणे मला पटले नाही, आणि डॉक्टरांनीही घाई केली नाही. उपदाढेच्या मुळाशी घासून पडलेली खाच खोल असल्याने तिथे दाताच्या रंगाचे भरण करून घेतले. तेलाच्या गुळण्यांनी हिरडी वाढल्याच्या कहाण्या मला तिघांनी सांगितल्या. गेलेली हिरडी गुळण्यांनी परत येत नाही.

गेल्या महिन्यात तक्ता पुन्हा भरला. डावा सुळा ३ मिलिमीटर, उपदाढ २. नऊ महिन्यांपूर्वी होते तेच आकडे. दाढांची खोली ५ वरून ३ वर आली आणि एका ठिकाणी ४ राहिली, तिथे सळई लावल्यावर अजून रक्त येते. सुळ्याचा आकडा जराही बदलला नाही म्हणून पत्नीला हा सगळा खर्च वाया गेल्यासारखा वाटला. मला तोच आकडा सर्वांत समाधानाचा वाटतो. घरी परतल्यावर साधा ब्रश घेऊन पुन्हा वजनकाट्यावर टेकवला. १८० ग्रॅम आले. दुसऱ्या दिवशी कार्यालयाला उशीर झाला असताना घाईत तसाच टेकवून पाहिला, तेव्हा मात्र २७० आले.