'शेवटचा एकच पीस' म्हणून माझाच पंप मला विकला

आप्पांच्या व्हीलचेअरसाठी आम्ही जुनी व्हॅन घेतली, मागे हायड्रॉलिक लिफ्ट बसवलेली. त्या लिफ्टचं मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केलंय. मार्चमध्ये विजापूर रोडवर फिजिओथेरपी आटोपून निघताना लिफ्ट अर्ध्यावर अडकली. बटण दाबलं की आतून नुसतं 'टक्'. आप्पा जमिनीपासून दोन फूट वर, डोक्यावर सोलापूरचं ऊन. शेवटी हातपंपाचा व्हॉल्व्ह सैल करून त्यांना हळूहळू खाली घेतलं. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटं उमटली.

त्या धास्तीतच मी फसलो. इंटरनेटवर सापडलेला एक माणूस फोनवर म्हणाला, "पंपच गेलाय साहेब. मॉडेल बंद आहे, माझ्याकडे शेवटचा एकच पीस उरलाय." किंमत ३४,०००, जुना पंप दिला तर ६,००० कमी. मी २८,००० यूपीआयने पाठवले, पंप खोलून कुरिअर केला. बारा दिवसांनी 'नवा' आला, काळाकुळकुळीत. बसवला, तर पुन्हा तेच 'टक्'. मग त्याने फोन उचलणंच सोडलं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत ट्रॅक्टर-ट्रॉलीचे जॅक दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. त्यांनी पान्याला हात लावायच्या आधी मीटर काढला. बॅटरीवर १२.४ व्होल्ट. मग मोटरच्या टर्मिनलवर मीटर धरून म्हणाले, "दाबा बटण." जेमतेम ४. "मोटर चांगली हाय दादा, करंटच पोचंना." गाडीखाली अर्थची केबल चॅसीला जोडलेली, तिथे बोल्टभोवती हिरवट-पांढरा गंज फुगला होता. नवी केबल टाकली, जागा पॉलिश पेपरने घासली, लिफ्ट सरसर वर गेली. ८५० रुपये. पण आप्पांना लगेच चढवू दिलं नाही. आधी ज्वारीचं पोतं तीनदा वरखाली केलं.

पंप पुसताना त्यांनी नखाने रंग खरवडला. खाली पोचा दिसला. गेल्या दिवाळीत माझ्याच हातून पंप निसटला होता, तेव्हाचा. माझाच पंप रंगवून मला परत आला होता!

कुणाच्या घरी अशी लिफ्ट असेल तर कृपा करून ऐका. मॉडेल बंद झालं तरी आतला बराचसा माल साधा असतो. सोलेनॉइड (मोटरला करंट देणारा स्विच) १२ व्होल्टचा, सील सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या आणि दांड्याच्या मापाने मिळतं, होज म्हणजे तेलाची नळी दुकानात टोकं दाबून बसवून देतात, फक्त प्रेशरचं रेटिंग तेच हवं. मीटर लावल्याशिवाय कुणी 'पंप गेला' म्हणालं तर एक रुपया देऊ नका. जुना पार्ट हातचा सोडू नका. सोडावाच लागला तर पंचने ठोकून खूण करा आणि फोटो काढा. पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मी तीन आठवड्यांनी केला, तोवर खात्यात काही उरलं नव्हतं.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. कुरिअरच्या दोन्ही पावत्या जपून ठेवल्यात, आणि पोच्यावरचा उरलेला रंग मी कुणाला पुसू देत नाही.