फ्लोरिडात दातांसाठी काय घ्यावं: प्रीपेड प्लॅन की डिस्काउंट कार्ड?

ऑर्लँडोला नव्याने गेलेल्या भाच्याला हा प्रश्न पडलाय. दोन्हींचे नियम राज्याच्या एकाच कायद्यात, म्हणजे प्रकरण 636 मध्ये आहेत आणि परवानाही एकच कार्यालय देतं, ऑफिस ऑफ इन्शुरन्स रेग्युलेशन. तरी दोन्ही एकच समजू नका.

पैसे कोण भरतं? प्रीपेड प्लॅनमध्ये दरमहा हप्ता भरायचा आणि करारात लिहिलेली सेवा कंपनीने पुरवायची. कार्डात डॉक्टरचं संपूर्ण बिल तुमच्याच खिशातून जातं, फक्त सवलतीच्या दराने. ‘हा विमा नाही’ असं स्पष्ट सांगणं कायद्यानेच बंधनकारक आहे. जाहिरातीतल्या हसऱ्या कुटुंबाकडे बघताना ती ओळ नजरेतून सुटते, हे वेगळं!

कंपनीने हात वर केले तर? इथे प्रीपेडची बाजू भक्कम. करारात बसणाऱ्या सेवेचे पैसे कंपनीने थकवले, तरी तिच्याशी करार असलेल्या डॉक्टरला ते तुमच्याकडून वसूल करता येत नाहीत. कार्डाला असं कवच नाही. मात्र पहिल्या 30 दिवसांत कार्ड रद्द केलं तर भरलेली मासिक फी परत मिळते.

डॉक्टर दोन्हीकडे कंपनीच्या यादीतलाच. रुग्णालयात भरती होण्याचा खर्च मात्र प्रीपेडमध्ये धरू नका.

वर्षभर नियमित तपासणी करणाऱ्याने प्रीपेड घ्यावा. एखादंच मोठं काम रोखीने करायचं असेल तर कार्ड, तेही आपल्या डॉक्टरचं नाव यादीत पाहूनच.