सहा किलोंचा गोळा आणि पॅरिसमधले सहा सेंटिमीटर : एका गोळ्याविषयीचा अभिप्राय

मास्टर्स, म्हणजे प्रौढ खेळाडूंच्या गोळाफेकीत पन्नास ते एकोणसाठ वयाच्या पुरुषांना सहा किलोंचा गोळा असतो. त्या वजनाचा, मेरठमध्ये तयार झालेला आणि लेथवर टर्निंग केलेला, म्हणजे यंत्रावर फिरवून कातलेला लोखंडी गोळा मी मागवला आणि पूर्ण हंगामभर वापरला. क्रिकेटच्या बॅटविषयी मराठीत कुणीही चार गोष्टी सांगेल, पण गोळा कसा निवडावा याविषयी वाचायला फारसे काही मिळत नाही, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

हा गोळा घेण्यामागे एक पराभव आहे. राज्य स्पर्धेसाठीच्या निवड चाचणीत माझी संधी काही सेंटिमीटरांनी हुकली. शेवटची फेक चांगली गेली होती, परंतु तोल सावरताना पाय स्टॉप बोर्डच्या, म्हणजे वर्तुळाच्या पुढच्या कडेला बसवलेल्या अडफळीच्या वर टेकला आणि पंचांनी लाल झेंडा दाखवला. त्यानंतर मैदानाकडे फिरकण्याची इच्छाच उरली नाही. अशा दिवसांत एका तरुण सहकाऱ्याने 4 सप्टेंबर 2024 रोजी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये झालेल्या एफ 46 गटाच्या, म्हणजे हाताचे अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या गोळाफेकीच्या अंतिम फेरीचे चित्रण आवर्जून पाहायला लावले. त्यात सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी होते, आणि त्यांच्या हातातला गोळाही सहा किलोंचाच होता.

उजव्या हाताने गोळा टाकणाऱ्याचा डावा हात मोकळा दिसला तरी तो रिकामा नसतो. आधी तो छाती उघडून देतो, आणि गोळा सुटण्याच्या क्षणी अंगाशी ओढला जाऊन शरीराची डावी बाजू भिंतीसारखी थोपवून धरतो. ही बाजू ढिली पडली, की पायांतून आलेला जोर गोळ्यापर्यंत पोहोचण्याआधीच वाया जातो. खिलारी यांचा डावा हात शाळेत असताना सायकलच्या अपघातात जायबंदी झाला, त्यात गँगरीन झाले, आणि अनेक शस्त्रक्रियांनंतरही तो पूर्ववत झाला नाही. पुढे ते भालाफेकीत उतरले, तर खांद्याच्या दुखापतीमुळे तीही सोडून त्यांना गोळ्याकडे वळावे लागले. मे 2024 मध्ये कोबे येथील जागतिक स्पर्धेत त्यांनी 16.30 मीटरच्या आशियाई विक्रमासह सुवर्णपदक मिळवले, आणि पॅरिसमध्ये दुसऱ्याच प्रयत्नात 16.32 मीटर फेक करून तो विक्रमही मागे टाकला. सुवर्ण मात्र 16.38 मीटर फेकणाऱ्या कॅनडाच्या ग्रेग स्ट्युअर्ट यांना मिळाले. स्ट्युअर्ट यांची उंची सात फुटांहून अधिक आहे, आणि गोळाफेकीत उंचीचा किती फायदा होतो हे वर्तुळात उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

सहा सेंटिमीटर म्हणजे गोळ्याच्या व्यासाच्या साधारण निम्मे अंतर. आयुष्यातील सर्वोत्तम फेक करूनही एवढ्याशा फरकाने सुवर्ण गेले, तरी खिलारी रौप्यपदक मनापासून आनंदाने स्वीकारत होते. माझी फेक त्यांच्या निम्म्याच्या किंचित पुढे जाते, तेव्हा बरोबरीचा प्रश्नच नाही. पण वजन तेच असल्यामुळे त्यांच्या फेकीचे मोल मला खांद्यात जाणवले आणि आपले कमी पडलेले सेंटिमीटर कुठून आणता येतील, याचा विचार सुरू झाला. त्यातली पहिली गोष्ट होती सरावाचा गोळा.

क्लबमध्ये बिडाचे ओतीव गोळे आहेत. त्यांवर साच्याची कड राहिलेली असते, काळ्या रंगाचे पोपडे मानेला चिकटतात, आणि वजनाची खात्री नसते. दुसऱ्या एका उत्पादकाचा असाच गोळा किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला, तेव्हा तो दीडशे ग्रॅमने कमी भरला होता. हलक्या गोळ्यावर बसलेली लय चाचणीच्या दिवशी दगा देते, कारण तिथे सहा किलोंपेक्षा कमी वजन चालतच नाही. नवा गोळा त्याच काट्यावर 6.01 किलो भरला. सपाट फरशीवर सोडला तर तो एका बाजूला न झुकता सरळ घरंगळतो, म्हणजे वजन मध्यावर आहे.

नियमानुसार या वजनाच्या गोळ्याचा व्यास 105 ते 125 मिलिमीटर असू शकतो. माझा 114 मिलिमीटरचा आहे. गोळा तळव्यात न टेकता बोटांच्या मुळांवर बसायला हवा, आणि माझा हात लहान असल्यामुळे हा व्यास मला अगदी नेमका वाटतो. बोटांच्या पेरांना टर्निंगच्या बारीक रेषा जाणवतात, त्यामुळे कोरड्या हवेत पकड उत्तम मिळते. घाम आला किंवा पावसाची भुरभुर झाली, की मात्र तो निसटू लागतो आणि चॉक पावडरीशिवाय इलाज राहत नाही.

उणिवाही आहेत. रंग नसल्याने पावसाळ्यात त्यावर लगेच गंज चढतो, त्यामुळे सरावानंतर माती पुसून शिलाई मशिनच्या तेलाचा हात फिरवावा लागतो आणि दुसऱ्या दिवशी ते तेल पूर्ण पुसून काढावे लागते. वर्तुळाच्या काँक्रीटवर एकदा पडला तेव्हा त्याला बारीक खाच पडली, ती पॉलिश पेपरने घासून घ्यावी लागली. खोक्याचा तळ कुरिअरमध्येच फाटला होता. किंमत बिडाच्या गोळ्याच्या जवळपास दुप्पट आहे, म्हणून शाळेच्या क्रीडादिनासाठी घ्यायचा असेल तर एवढा खर्च करण्याची गरज नाही. परंतु जिल्हा किंवा राज्य पातळीवर उतरणाऱ्याने, विशेषतः पन्नाशीनंतर या खेळाकडे परतणाऱ्याने, तो जरूर घ्यावा. मागवताना व्यास आधी विचारून घ्यावा आणि गोळा हाती आल्यावर पहिल्याच दिवशी त्याचे वजन करावे, म्हणजे फरक आढळला तर तो परत पाठवता येतो.