हॅमॉकच्या पट्ट्यांच्या खरेदीत झालेली फसवणूक

पानशेत जलाशयाच्या काठी मुक्कामाला जाण्यापूर्वी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून हॅमॉक (दोन झाडांमध्ये बांधायची कापडी झोळी) टांगण्याचे दोन पट्टे मागवले. जाहिरातीत ‘शंभर टक्के पॉलिएस्टर, क्षमता ४५० किलो’ असे लिहिले होते आणि माझे वजन ७८ किलो असल्यामुळे शंका घेण्याचे कारण मला दिसले नाही.

जांभळाच्या दोन झाडांमध्ये सुमारे चार मीटर अंतर होते. पट्टे डोक्याएवढ्या उंचीवर खोडाभोवती फिरवून टोकाच्या लूपमधून (शिवलेल्या फाशातून) ओढून घेतले आणि पट्ट्यावरच्या लूपपैकी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन होईल अशा लूपमध्ये हॅमॉकचे कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या) अडकवले. बसल्यावर हॅमॉक जमिनीपासून दीड फुटावर होता. अर्ध्या तासात माझी पाठ गवताला लागू लागली. मी कॅराबिनर झाडाकडच्या लूपमध्ये घेतले, तरी पट्टे पुन्हा लांबले, आणि तिसऱ्यांदा बसताच एका लूपची शिवण उसवून मी खाली आदळलो. मला मुका मारच लागला, पण थोड्या वेळापूर्वी तिथे माझी आठ वर्षांची मुलगी झोपली होती, हे आठवले की अजूनही जीव घाबरतो.

‘तुम्ही पट्टे फार ताणून बांधले,’ असे विक्रेत्याने कळवले. हा बचाव ऐकणाऱ्याला पटतो, कारण पट्टे ताणून बांधले की आडव्या रेषेशी होणारा कोन कमी होतो आणि कोनाचा परिणाम खरोखरच मोठा असतो: ३० अंशांवर प्रत्येक पट्ट्यावर माझ्या वजनाइतका म्हणजे ७८ किलोचा ताण येतो, तर १० अंशांवर तोच सुमारे २२५ किलो होतो. माझ्याकडे टांगणीचे छायाचित्र होते. ते पाठवल्यावर त्याने भूमिका बदलली आणि ४५० किलो हा आकडा दोन्ही पट्ट्यांचा मिळून, तोही तुटण्याचा भार असल्याचे सांगितले. तुटण्याच्या भाराचा साधारण पाचवा हिस्सा वापरासाठी सुरक्षित धरतात. त्या हिशेबाने एका पट्ट्याला ४५ किलोच झेपतात, म्हणजे तो प्रौढ माणसासाठी नव्हताच.

घरी आल्यावर मी पट्ट्याचा एक तुकडा पाण्यात बुडवून, दाबून त्यातली हवा काढली. सोडताच तो वर आला. पॉलिएस्टर पाण्यापेक्षा जड असल्यामुळे बुडते, पॉलिप्रॉपिलीन हे दुसरे प्लास्टिक तरंगते, आणि भार कायम राहिला की ते हळूहळू लांबत जाते. उसवलेल्या जागी दाट, पुन्हापुन्हा मागेपुढे घातलेल्या टाक्यांऐवजी सरळ टाक्यांची एकच ओळ होती. वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव, आणि माल आयात केलेला असेल तर मूळ देश, लिहिणे बंधनकारक असताना त्यावर यातले काहीच नव्हते. हे मी पहिल्याच दिवशी पाहायला हवे होते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार केल्यानंतर पैसे परत मिळाले. ती जाहिरात मात्र त्याच आकड्यासह अजून सुरू आहे, म्हणून मी आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार करत आहे; २०१९च्या कायद्यानुसार तो मला राहत्या जिल्ह्यात करता येतो. उसवलेला पट्टा आणि वेष्टन मी पुराव्यासाठी जपून ठेवले आहे.