गिळण्याच्या त्रासाचं क्लिनिक: निदानाला पैकीच्या पैकी, फॉलोअपला जेमतेम

घास छातीत अडकतो म्हणून आधी बरंच फिरून झालं होतं, सगळीकडे अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या आणि टेन्शन घेऊ नका. इथल्या डॉक्टरांनी मात्र बसल्या बसल्या विचारलं की लहानपणापासूनच हळू जेवता का, घासागणिक पाणी लागतं का. हो की! घरात सगळ्यांचं आटोपायचं तरी माझं ताट निम्मं, सगळे म्हणायचे स्वभावच आहे. निघालं वेगळंच: माझी अन्ननलिकाच जन्मापासून अरुंद.

आधी बेरियम केलं, म्हणजे एक्स-रेत दिसणारं पांढरं औषध गिळायला देतात आणि ते कुठे अडकतं ते बघतात. नुसतं पातळ नाही, सोबत १३ मिमीची बेरियमची गोळीपण गिळायला दिली. पातळ सरळ खाली गेलं आणि गोळी मध्येच थांबली, स्क्रीनवर मलापण दिसली, म्हणजे गोळी दिली नसती तर परत नॉर्मलचा रिपोर्ट घेऊन घरी! मग दुर्बीण घातली, आत रिंगा दिसल्या, पण इओसिनोफिलिक इसोफेजायटिस म्हणून अन्ननलिकेला अ‍ॅलर्जीसारखी सूज येण्याचा एक आजार आहे त्यातपण अशाच रिंगा येतात म्हणून वर-खाली वेगवेगळ्या जागचे तुकडे बायोप्सीला घेतले, ते क्लिअर आले. सीटी पण केला, कारण काही जणांची उजव्या हाताकडे जाणारी धमनी जन्मतःच अन्ननलिकेच्या मागून जाते आणि ती दाबते. तसं काही नव्हतं.

सगळ्यात पटलं ते एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड, म्हणजे दुर्बिणीच्या टोकाला बसवलेली सोनोग्राफी, त्यात नळीची भिंत दिसते. जन्मजात अरुंद नळीच्या भिंतीत कधीकधी श्वासनलिकेसारखी कूर्चा राहून गेलेली असते, तिथे रुंद करायला आत फुगा फुगवला तर नळी फाटायची भीती, अशांना बहुतेक ऑपरेशनच लागतं. हे फुग्याच्या आधी बघितलं याचे खरे मार्क. माझ्यात कूर्चा नाही, स्नायूच जाड, मग फुग्याने टप्प्याटप्प्याने रुंद केलं, एकदम नाही.

आता तक्रार. फुग्यानंतर छातीत जोरात दुखलं, ताप आला किंवा मानेला सूज आली तर लगेच इमर्जन्सीला यायचं, ही एवढी महत्त्वाची गोष्ट डिस्चार्जच्या कागदावर बारीक अक्षरात, तोंडी कोणी सांगितली नाही, मी नर्सला विचारलं तेव्हा कळलं. परत अरुंद होऊ शकतं, परत फुगा लागू शकतो हेही मीच खोदून खोदून विचारलं. फोन तर कोणी उचलतच नाही.

बाळपणी अन्ननलिकेचं ऑपरेशन झालेले मोठे लोकपण इथे तपासणीला येतात, रिफ्लक्समुळे (पोटातलं अ‍ॅसिड वर येतं) पुढे बॅरेट (अन्ननलिकेचं आतलं अस्तर बदलतं, त्यातून कॅन्सरचा धोका) होऊ शकतं म्हणून त्यांची अधूनमधून दुर्बीण करतात. तुमचं तसं काही असेल तर जुनी ऑपरेशनची फाईल घेऊनच जा, पहिल्या भेटीत तीच मागतात.