किंग क्रिमसन, पण गिटार आणि मेलोट्रॉनशिवाय

'द क्रिमसन जॅझ ट्रायो'ने किंग क्रिमसन या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक) बँडची गाणी घेऊन 'किंग क्रिमसन साँगबुक' या नावाचे दोन अल्बम काढले, पहिला २००५ मध्ये आणि दुसरा २००९ मध्ये. पियानोवर जोडी नार्डोन, बेसवर टिम लँडर्स, ड्रम्सवर इयन वॉलेस. यातला वॉलेस १९७१-७२ मध्ये किंग क्रिमसनमध्येच होता आणि 'आयलंड्स' या अल्बमवरचे ड्रम्स त्याचेच. त्यामुळे रॉकची गाणी घेऊन त्यांना वरवर जॅझचा मुलामा दिलाय, असं इथे कुठेच वाटत नाही. गाणं कुठे ताणता येतं आणि कुठे हात लावायचा नाही, हे वॉलेसला आतून माहीत आहे.

या संगीताची खरी अडचण विषम मात्रांची नाही. सात किंवा तेरा मात्रा जॅझवाल्यांना जड जात नाहीत, आणि रूपक ऐकत आलेल्या आपल्या कानालाही नाहीत. अडचण आहे ती आसेची, म्हणजे स्वर लांबत टिकून राहण्याची. 'स्टारलेस' (मूळ १९७४, 'रेड' अल्बम) घ्या. मधल्या भागात बेस तेरा मात्रांचं आवर्तन फिरवत राहतो आणि त्यावर गिटार एकच स्वर पुन्हा पुन्हा वाजवत हळूहळू वर चढते. सगळा ताण त्या लांबणाऱ्या, डिस्टॉर्शनने खरखरीत केलेल्या स्वरातून आणि वाढत्या आवाजातून येतो. पियानोचा स्वर वाजला की लगेच विरायला लागतो. तोच स्वर तसाच पियानोवर ठोकत बसलं तर चौथ्या आवर्तनाला कंटाळा येईल. म्हणून त्रयीला हा ताण स्वरसंगतीत आणि ड्रम्सच्या दाबात शोधावा लागतो. मूळ गाण्याइतकी छाती दडपत नाही, हे खरं. पण सुरुवातीची उदास चाल, जी मूळ गाण्यात मेलोट्रॉनच्या (टेपवर ध्वनिमुद्रित स्वर वाजवणाऱ्या जुन्या कीबोर्डच्या) धुक्यात असते, ती इथे स्वच्छ दिसते आणि किती सुरेख बांधलेली आहे ते कळतं.

याच कारणाने 'आय टॉक टू द विंड' आणि 'मात्ते कुदासाई' ही दोन गाणी पहिल्या भागात सगळ्यात जमून आली आहेत. दोन्हींची चाल गळ्यावर उभी आहे. शब्द काढले तरी ती पडत नाही. 'कॅट फूड'च्या मूळ ध्वनिमुद्रणात (१९७०) कीथ टिपेट या ब्रिटिश जॅझ पियानिस्टने पियानो वाजवला होता, म्हणजे ते गाणं अर्धं जॅझच्याच घरचं. तरी टिपेटचे ते तुटक, तिरपे फटकारे कानात असतील तर नार्डोनकडे तटस्थपणे ऐकणं सोपं नाही. 'रेड' हे गाणं मात्र निवडायला नको होतं. तिथे चाल जवळजवळ नाहीच, गिटारचा खरखरीत भार हेच गाणं आहे. तो काढला की उरतो फक्त सांगाडा.

'ट्वेंटी-फर्स्ट सेंचुरी स्किझॉइड मॅन'बद्दल उलट बोलावं लागेल. त्याचा वेगवान मधला भाग, सगळ्यांनी एकत्र थांबायचं आणि एकत्र सुटायचं, हा १९६९ सालीच जॅझच्या अंगाने लिहिलेला होता. गेला तो फक्त खरखरीत केलेल्या आवाजातला संताप.

दुसरा भाग अधिक मोकळा आहे. 'आयलंड्स'मधल्या 'फॉर्मेंटेरा लेडी' आणि 'सेलर्स टेल' यांना जोडून एक मोठा सुइट (सलग वाजणाऱ्या रचनांची मालिका) केला आहे, आणि वॉलेसचा त्या काळचा सहकारी मेल कॉलिन्स या अल्बमवर सॅक्सोफोन घेऊन पाहुणा म्हणून येतो. पियानोला न जमणारी लांब आस इथे आपसूक मिळते. 'सेलर्स टेल'च्या मूळ ध्वनिमुद्रणातलं वॉलेसचं झांजेचं काम आधी ऐकून मग हे लावा. हा अल्बम बाहेर येण्याआधीच, फेब्रुवारी २००७ मध्ये वॉलेस गेला.

ऐकताना फोनचा स्पीकर वापरू नका, बेस पार गायब होतो आणि त्रयीतला एक माणूसच कमी झाल्यासारखं होतं. मूळ गाणी माहीत नसतील तर प्रत्येक गाण्याआधी मूळ एकदा ऐकाच. सुरुवात 'मात्ते कुदासाई'ने करा, 'स्किझॉइड मॅन' शेवटी ठेवा. 'द बॅड प्लस' या जॅझ त्रयीचा २००७ चा 'प्रॉग' हा अल्बम याच ओढीने घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: नाव काहीही असलं तरी त्यात प्रोग्रेसिव्ह रॉकचं म्हणावं असं गाणं एकच आहे, रश या बँडचं 'टॉम सॉयर'. बाकी बोवी, बकरॅक, टिअर्स फॉर फिअर्स अशा पॉप-रॉकवाल्यांची गाणी आणि त्यांच्या स्वतःच्या रचना. अख्खा अल्बम क्रिमसनचाच हवा असेल तर या दोन साँगबुकांकडेच या.